भागीदाराच्या मागे कोण आहे, हे कळेपर्यंत सही करू नका

वाचकाचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून: हे वाचक मूळचे विदर्भातले. एका मध्यम आकाराच्या भारतीय कंपनीचे फायनान्स मॅनेजर म्हणून गेली तीन वर्षं काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या लुबुम्बाशी शहरात आहेत. कंपनीकडे तांबे-कोबाल्टचा शोधपरवाना आहे. ड्रिलिंग झालं, साठा मिळाला, आता उत्खनन परवाना हवा आहे आणि आठ महिने फाइल हललेली नाही. ‘वरपर्यंत ओळख’ असलेल्या एका मध्यस्थाने तोडगा सुचवला आहे. कायद्याने द्याव्या लागणाऱ्या स्थानिक भागीदारीतले 5 टक्के शेअर त्याने सांगितलेल्या एका कंपनीला फुकट द्यायचे आणि सल्ल्याचं शुल्क म्हणून 4 लाख डॉलर दुबईतल्या खात्यात भरायचे. वाचकांनी भागीदार-पडताळणीच्या फॉर्मवर सही करायची आहे. फॉर्मवर लिहिलंय, ‘भागीदारांमध्ये कोणीही राजकीय पदावरील व्यक्ती किंवा तिचा नातेवाईक नाही.’ संचालकांचं म्हणणं असं: आपण भारतीय कंपनी, अमेरिकेचा कायदा आपल्याला लागत नाही, आफ्रिकेत असंच चालतं, तू फक्त सही कर. कर्जासाठी लंडनमधल्या एका संस्थेशी आणि माल विकण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या एका व्यापाऱ्याशी बोलणी सुरू आहेत. वाचक विचारतात: सही करू, राजीनामा देऊ, की तक्रार करू? आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहितात: मागच्या तिमाहीत याच मध्यस्थाला 25 हजार डॉलरचा ‘ॲडव्हान्स’ गेला, ते व्हाउचर मीच पास केलं होतं.

नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: त्या फॉर्मवर सही करू नका. राजीनामा आणि तक्रार या पुढच्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्याआधी बरंच काही करता येतं. शेवटच्या ओळीकडे मी शेवटी येतो. ती तुम्ही घाईघाईत लिहिलेली दिसते, पण तुमच्या दृष्टीने सगळ्यात वजनाची ओळ तीच आहे.

पत्रात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: स्थानिक भागीदार कायद्यानेच लागतो, त्यामुळे भागीदारी देण्यात गैर काही नाही, अडचण आहे ती फक्त चार लाखांची. इथेच थांबा. काँगोचा खाणकायदा 2018 मध्ये बदलला. उत्खनन परवाना घेताना कंपनीचे 10 टक्के शेअर राज्याला विनामूल्य द्यावे लागतात, आणि किमान 10 टक्के भांडवल काँगोली नागरिकांकडे असावं लागतं. या दुसऱ्या अटीत कायद्याचा शब्द ‘नैसर्गिक व्यक्ती’ असा आहे, म्हणजे हाडामांसाची माणसं. मध्यस्थाने तुमच्यापुढे ठेवली आहे ती एक कंपनी. म्हणजे ज्या अटीचं नाव पुढे केलंय, तीच अट या व्यवहाराने पुरी होते की नाही याची शंका आहे. स्थानिक वकिलाला पहिला लेखी प्रश्न हाच विचारा. मग कंपनी कशाला पुढे केली? बहुतेक वेळा याचं कारण साधं असतं: मागचं नाव दिसू नये म्हणून.

शेअर फुकट देण्याचा अर्थही आकड्यात मांडून बघा. तुमच्या प्रकल्पाचं मूल्य समजा 4 कोटी डॉलर धरलं, तर 5 टक्के म्हणजे 20 लाख डॉलर. रोख मागितलेल्या रकमेच्या पाचपट. सगळ्यांचं लक्ष दुबईच्या खात्याकडे असताना मोठी रक्कम शेअरच्या कागदातून निघून जाते. त्या कंपनीमागे परवाना देणाऱ्याचा मेहुणा किंवा भाचा असेल तर शेअर हीच लाच, आणि ती दर वर्षी लाभांश देत राहते.

हे सरळ मार्गाने करता येत नाही असं नाही. भागीदार व्यक्ती कंपनीने स्वतः शोधायच्या, मध्यस्थाच्या यादीतून घ्यायच्या नाहीत. शेअरची किंमत त्रयस्थाकडून ठरवून घ्यायची. भागीदाराकडे पैसे नसतील तर ती रक्कम कर्ज म्हणून दाखवून त्याच्या लाभांशातून वळती करायची, व्याज आणि मुदत लेखी. लाभांश फक्त त्याच्याच नावाच्या, काँगोतल्याच खात्यात. भागीदार राजकीय पदावर आला किंवा लाचेत सापडला तर शेअर ठरलेल्या सूत्राने परत घेण्याचं कलम करारात. आणि भागीदारांची नावं उघड जाहीर करायची. जो माणूस नाव जाहीर करायला तयार नाही, तो भागीदार नको.

आता मध्यस्थाविषयी. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने 2014 मध्ये परदेशी लाचखोरीच्या 427 निकाली प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर चारपैकी तीन प्रकरणांत पैसा मध्यस्थामार्फत गेला होता, आणि क्षेत्रांमध्ये सगळ्यात वरचा क्रमांक खनिजं आणि तेल यांच्या उत्खननाचा होता, 19 टक्के. म्हणजे तुमच्यापुढे आलंय ते काही वेगळं नाही, नेहमीचाच साचा आहे. काम एका देशात, खातं दुसऱ्या देशात. मोबदला कामाच्या तासांवर नाही, फाइल सुटण्यावर. इनव्हॉइसवर ‘धोरणात्मक सल्ला’ असे दोन शब्द, जोडीला अहवाल नाही, बैठकीचं टिपण नाही. चार लाख डॉलरचा हिशेब करा: तासाला 300 डॉलर घेणारा वकील धरला तरी 1,333 तास होतात, रोज आठ तास धरून साडेपाच महिने रोज, एकही सुटी न घेता. एवढं काम कोणी केलं, आणि त्याचा एक तरी कागद कुठे आहे?

मोठ्या कंपन्याही याच ठिकाणी घसरल्या आहेत. गिनीतल्या सिमांडू लोहखाणीचे हक्क टिकवण्यासाठी रिओ टिंटोने 2011 मध्ये एका फ्रेंच सल्लागाराला 1 कोटी 5 लाख डॉलर दिले. त्याने काम सुरू केलं तेव्हा नेमकं काय करायचं हे सांगणारा लेखी करारच नव्हता. अमेरिकेच्या रोखे नियामकाने 2023 मध्ये कंपनीकडून दीड कोटी डॉलरचा दंड घेतला. बारा वर्षांनी.

‘आफ्रिकेत असंच चालतं’ हे वाक्य तुमच्या संचालकांनी म्हटलं आणि पत्रात तुम्हीही ते फारसा वाद न घालता उतरवलं आहे. मला ते मान्य नाही, आणि त्याचं कारण नुसतं शिष्टाचाराचं नाही. घेणाऱ्याचा हात दिसतो, देणारा कुठून आला हे कोणी विचारत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लेनकोअर या बड्या खाण-व्यापार कंपनीने 2022 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या न्यायालयांत लाचखोरीचे गुन्हे कबूल केले. नायजेरिया, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट अशा देशांतल्या अधिकाऱ्यांसाठी रोख रकमा खासगी विमानांनी नेल्या जात होत्या, आणि त्या व्यवहारांची सूत्रं लंडनच्या टेबलावरून हलत होती. तुम्ही जिथे राहता त्याच देशाचं घ्या. 2010 ते 2012 या काळात सरकारी खाणमालमत्तेचे पाच व्यवहार कमी किमतीत झाले. कोफी अन्नान यांच्या अध्यक्षतेखालच्या आफ्रिका प्रोग्रेस पॅनेलने 2013 मध्ये त्यातलं नुकसान 1.36 अब्ज डॉलर काढलं. काँगोच्या आरोग्य आणि शिक्षणाच्या एका वर्षाच्या एकत्रित खर्चाच्या जवळजवळ दुप्पट. लुबुम्बाशीतल्या सरकारी दवाखान्यात तुम्ही कधी गेला असाल तर हा आकडा काय म्हणतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लाच मागणारे काँगोली आहेत, तसेच त्याविरुद्ध नोकरी आणि जीव पणाला लावणारेही काँगोलीच आहेत. किन्शासातल्या एका बँकेची कागदपत्रं बाहेर आणणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना 2020 मध्ये तिथल्या न्यायालयाने गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. ‘असंच चालतं’ म्हणताना आपण या दोघांना हिशेबातून वगळतो.

संचालकांच्या बोलण्यात न उच्चारलेलं आणखी एक गृहीतक आहे: पैसे दिले की परवाना हातात, मग कोण विचारतो. सिमांडूचंच पुढचं बघा. गिनीचे अध्यक्ष लांसाना काँटे 22 डिसेंबर 2008 रोजी वारले. त्याआधी जेमतेम दोन आठवडे इस्रायली उद्योजक बेनी स्टाइनमेट्झ यांच्या समूहाला तिथल्या दोन ब्लॉकचे हक्क मिळाले. 2010 मध्ये त्यातला 51 टक्के हिस्सा ब्राझीलच्या वाले कंपनीने अडीच अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, 50 कोटी आगाऊ मोजले. सरकार बदललं, नव्या सरकारने जुने करार तपासायला काढले आणि 2014 मध्ये हक्क रद्द झाले. अध्यक्षांच्या चौथ्या पत्नीमार्फत लाच गेल्याच्या आरोपावर जिनिव्हाच्या न्यायालयाने 2021 मध्ये स्टाइनमेट्झना दोषी ठरवलं. त्यांनी आरोप नाकारले. 2023 च्या अपिलात शिक्षा पाच वर्षांवरून तीनवर आली, पण दोष कायम राहिला. वालेने आगाऊ दिलेले पैसे लवादात अडकले. आणि त्या डोंगरातलं लोखंड जहाजात चढायला 2025 उजाडलं.

लाचेने मिळालेल्या परवान्याला जन्मतःच भोक असतं. ते कुठे आहे हे मध्यस्थाला माहीत असतं, अधिकाऱ्याला माहीत असतं, आणि पुढच्या मंत्र्याला कळायला वेळ लागत नाही. पुढे कर वाढवायचा असो, हिस्सा मागायचा असो, प्रतिस्पर्ध्याला जागा करून द्यायची असो, त्या भोकात बोट घातलं की काम होतं. शिवाय एकदा दिलेल्या माणसाकडे पुन्हा मागायला कोणी संकोचत नाही. कोबाल्टची निर्यात काँगोने फेब्रुवारी 2025 मध्ये थांबवली, आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला, 2026 साठी 96,600 टन. म्हणजे परवान्यानंतर कोट्याचंही दार आहे. आज जे नाव ‘देणारा’ म्हणून नोंदलं जाईल, त्याला त्या दारातही तोच भाव सांगितला जाईल.

आता कायदा. ‘आपण भारतीय कंपनी’ यात तथ्य आहे, पण संचालकांना वाटतं तेवढं नाही. भारताच्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 च्या दुरुस्तीने लाच देणारी कंपनीही आली, मात्र ते भारतीय लोकसेवकांपुरतं. परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्धचं स्वतंत्र विधेयक 2011 मध्ये संसदेत आलं आणि बारगळलं. ही पळवाट खरी आहे. पण लाच पहिल्यांदा गुन्हा ठरते ती काँगोतच, आणि तिथे राहता तुम्ही, संचालक नाहीत. भारतात 2022 च्या वित्त कायद्याने आयकरात स्पष्ट केलं की परदेशातल्या कायद्याने गुन्हा ठरणारा खर्चही व्यवसायाचा खर्च म्हणून वजावटीस पात्र नाही. मग तो ‘सल्ला शुल्क’ म्हणून वहीत मांडणं ही खोटी नोंद, आणि कंपनी कायद्यात तिचे परिणाम वेगळे.

ब्रिटनचा 2010 चा लाचविरोधी कायदा तिथे व्यवसाय करणाऱ्या कोणत्याही देशाच्या कंपनीला लागू होतो, आणि कंपनीच्या वतीने काम करणाऱ्याने लाच दिली तर ‘ती रोखण्यात अपयश’ हाच कंपनीचा गुन्हा ठरतो. नुसतं लंडनहून कर्ज घेतल्याने तो लागू होतोच असं नाही. पण कर्जाच्या करारात लाचविरोधी हमी असणारच, आणि ती खोटी ठरली की सगळं कर्ज एका नोटिशीत परत मागता येतं. माल घेणाऱ्याच्या करारातही तेच कलम असेल. स्वित्झर्लंडचं उदाहरण तर संचालकांना मुद्दाम दाखवा. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या महाधिवक्ता कार्यालयाने ग्लेनकोअरला 20 लाख फ्रँक दंड आणि 15 कोटी डॉलर भरपाई लावली. प्रकरण काँगोचं, 2011 च्या खाणहिश्श्यांचं, आणि लाच दिली होती ती व्यावसायिक भागीदाराने. ग्लेनकोअरच्या कर्मचाऱ्यांना तिची माहिती होती असं तपासात निघालं नाही. तरी भागीदाराला रोखण्याची व्यवस्था ठेवली नाही म्हणून कंपनी जबाबदार. तुमच्यापुढचा फॉर्म हीच व्यवस्था आहे, आणि त्यावर नाव तुमचं आहे.

अमेरिकेबद्दल: फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या अध्यक्षांनी परदेशी लाचविरोधी कायद्याची अंमलबजावणी काही महिने थांबवली, जूनमध्ये नवे निकष आले. संचालक बहुधा याच्याच जोरावर बोलत आहेत. कायदा मात्र रद्द झालेला नाही, खटला भरायची मुदत साधारण पाच वर्षांची आहे, आणि डॉलरमधला व्यवहार बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या बँकेतून जातो. गिनीचे माजी खाणमंत्री महमूद थियाम अमेरिकेचेही नागरिक होते. चिनी समूहाकडून घेतलेले 85 लाख डॉलर अमेरिकेत आणून खर्च केल्याबद्दल त्यांना 2017 मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. पैशाची वाट नंतर पुसता येत नाही.

नाही म्हणायचं कसं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तोंडी ‘मला जमणार नाही’ म्हणालात तर दुसरा कोणीतरी सही करेल. आरोप केलात तर वाद तुमच्या स्वभावाचा होईल. म्हणून प्रश्न विचारा, लेखी, कंपनीच्याच ईमेलवरून, संचालक आणि कंपनी सचिव दोघांना. आशय असा ठेवा: ‘फॉर्मवर सही करण्यासाठी पुढील माहिती माझ्याकडे नाही. ती मिळाल्यावर मी फॉर्म पूर्ण करीन. तोपर्यंत या मध्यस्थाला आणि भागीदाराला कोणतीही रक्कम देऊ नये, अशी विनंती.’ मग माहितीची यादी. भागीदार कंपनीचा व्यापार-नोंदणीचा चालू उतारा. शेवटच्या माणसापर्यंत मालकीची साखळी, प्रत्येकाचं ओळखपत्र. त्यातला कोणी मंत्री, प्रांतिक मंत्री, सल्लागार, सैन्य, सीमाशुल्क किंवा खाण नोंदणी कार्यालयाशी नात्याने जोडलेला आहे का, याचं सहीनिशी उत्तर. शेअरचे पैसे कुठून येणार. मध्यस्थाने आजवर केलेल्या कामाचे कागद. दुबईचं खातं कोणाच्या नावावर आणि काम काँगोत असताना खातं तिथे का. आणि कायद्यातल्या ‘नैसर्गिक व्यक्ती’ या अटीवर वकिलाचं लेखी मत.

स्वतः काय तपासायचं तेही सांगतो. काँगो 2012 पासून ओहादा या आफ्रिकी कायदेसंघात आहे, त्यामुळे कंपनीचा नोंदणी उतारा स्थानिक वकिलामार्फत मिळतो. नोंदणीची तारीख बघा; तुमचा अर्ज ठरल्यानंतर जन्मलेली कंपनी असेल तर ती कशासाठी जन्मली हे उघड आहे. पत्त्यावर माणूस पाठवा. नावं अमेरिका, युरोपीय संघ आणि ब्रिटनच्या निर्बंध याद्यांत घालून बघा. काँगोतल्या खाणव्यवहारांसाठी ओळखले जाणारे इस्रायली उद्योजक डॅन गर्टलर डिसेंबर 2017 पासून अमेरिकेच्या यादीत आहेत, आणि त्यांच्याशी जोडलेल्या कितीतरी कंपन्याही. फ्रेंच वर्तमानपत्रांत शोध घ्या. इंग्रजीत शोधून ‘काही आढळलं नाही’ लिहिणं ही काँगोतली नेहमीची चूक आहे. तिथली बातमी फ्रेंचमध्ये असते, आणि आडनावांची स्पेलिंगं दोन-तीन असतात.

फाइल अडकली आहे म्हणजे पैशासाठीच अडकली आहे, हेही तपासून घ्या. उत्खनन परवान्याला व्यवहार्यता अहवाल, पैशाच्या तरतुदीचा पुरावा, पर्यावरण आणि सामाजिक परिणाम अभ्यासाची मंजुरी, गावांशी झालेल्या चर्चेची नोंद आणि गावांसाठीच्या कामांचं हमीपत्र लागतं. भूपृष्ठ शुल्क, म्हणजे परवान्याच्या जमिनीवरचं वार्षिक शुल्क, चुकलं तर परवानाच जातो. यातलं एक जरी अर्धवट असेल तर मध्यस्थ आपलीच उणीव आपल्याला विकतोय. खाण नोंदणी कार्यालयाला तारीखवार पत्रं द्या, ‘अर्जात नेमकी कोणती त्रुटी आहे’ एवढाच प्रश्न, आणि प्रत्येक पत्राच्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. पोच नसलेलं पत्र तिथे नसल्यासारखंच. प्रतिसाद नाही तर वकिलाची नोटीस, मग उद्योगसंघाचा खाण विभाग, मग किन्शासातला भारतीय दूतावास. दूतावासाला पैशाची मागणी सांगा, तारखांसकट. ‘मदत करा’ एवढंच म्हणू नका.

संचालकांना पटवायचं तर त्यांच्या भाषेत, एका कागदावर तीन ओळी मांडा. कँप आणि पगारांचा महिन्याचा खर्च समजा 60 हजार डॉलर. आणखी आठ महिने थांबलो तर 4 लाख 80 हजार. पैसे दिले तर 4 लाख. पहिल्या दोन ओळींत लाच स्वस्त दिसते, हे प्रामाणिकपणे मांडा. तिसरी ओळ: फुकट गेलेले 5 टक्के शेअर, परत मागितलं जाणारं कर्ज, आणि परवाना रद्द झाला तर ड्रिलिंगपासूनची सगळी गुंतवणूक. ही ओळ सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून बोर्ड चुकतं.

अशाच अवस्थेतल्या इतरांसाठी थोडं. तुम्ही ट्रक चालवणारी कंपनी असाल आणि कासुम्बालेसाच्या सीमेवर रोज चिरीमिरी मोजत असाल तर प्रश्न वेगळा दिसतो. तिथे लिंगाला भाषेत ‘मादेसू या बाना’ म्हणतात, पोरांसाठी घेवडा, आपलं चहापाणी. ब्रिटनच्या कायद्यात या छोट्या रकमांनाही सूट नाही. ड्रायव्हरजवळ अधिकृत शुल्कांची फ्रेंच यादी ठेवा, शुल्क शक्य तिथे बँकेत भरा, पावती आणि अधिकाऱ्याचं नाव मागा, आणि उशिराचे दोन-तीन दिवस गिऱ्हाइकाशी करार करतानाच धरा. घाईचा ट्रक ओळखू येतो, आणि जास्त पैसे त्याच्याकडेच मागितले जातात. जिवाला किंवा सुटकेला धोका असेल तर द्या, वाद घालू नका. पण चोवीस तासांत कळवा आणि वहीत जसं घडलं तसंच लिहा, ‘किरकोळ प्रवासखर्च’ म्हणून नाही.

खाण सुरू झाली की उलाढालीच्या 0.3 टक्के रक्कम गावांच्या विकासनिधीला द्यावी लागते. पाच कोटी डॉलरच्या उलाढालीवर दीड लाख. ती कायद्याने ठरलेल्या संस्थेलाच द्या, कोणा पुढाऱ्याच्या पत्नीच्या ‘फाउंडेशन’ला नाही, शाळेचे कितीही सुंदर फोटो दाखवले तरी. उपकंत्राटांचंही तेच: 2017 च्या कायद्याने ती बहुसंख्य काँगोली भांडवलाच्या कंपन्यांसाठी राखली आहेत, आणि म्हणून नाव उसनं देणाऱ्या कंपन्या पुष्कळ उगवल्या आहेत. यंत्रं कोणाची, मजूर कोणाच्या पगारपत्रकावर, हे जाऊन बघितल्याशिवाय कंत्राट देऊ नका. आणि चालू खाण विकत घेणाऱ्यांनी कॅनडाच्या किनरॉस या सोनेखाण कंपनीचं लक्षात ठेवावं. 2010 मध्ये मॉरिटानिया आणि घानातल्या खाणी घेतल्या, हिशेबाचं नियंत्रण ढिलं आहे हे कळलेलं होतं, सुधारायला जवळजवळ तीन वर्षं लावली. 2018 मध्ये साडेनऊ लाख डॉलरचा दंड. दंड लहान, पण तो चुकवता आला असता.

आता राजीनामा आणि तक्रार. ईमेल पाठवल्यावर दोनच गोष्टी होतील. माहिती येईल किंवा दबाव येईल. दबाव आला तर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांना किंवा स्वतंत्र संचालकांना लिहा. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवणं कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. आधी राजीनामा देऊ नका: बाहेर पडलात की कागदपत्रं बघण्याचा हक्क जातो आणि तुमच्यामागे कोणीही सही करू शकतं. पण सही तुमच्या नावाने दुसऱ्याने केली, किंवा तुमच्या नावाने ईमेल गेला, त्या दिवशी थांबू नका. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असेल तर आजच काढून घ्या. परतीचं तिकीट खुलं ठेवा, कुटुंब तिथे असेल तर ईमेलच्या आधी त्यांची सुटी आखा. नोव्हेंबर 2024 मध्ये मालीत एका ऑस्ट्रेलियन सोनेखाण कंपनीच्या प्रमुखालाच चर्चेसाठी गेला असता ताब्यात घेतलं होतं. वाद कराचा होता, 16 कोटी डॉलरवर मिटला. मुद्दा एवढाच की कंपनी आणि सरकारचं बिनसलं की हाती लागतो तो देशात असलेला माणूस. वर्तमानपत्राला किंवा परदेशी तपासयंत्रणेला कळवायचं असेल तर देशाबाहेर आल्यावर, वकिलाशी बोलून. आफ्रिकेतल्या जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, कायदेशीर आधार देणारी प्लाफ ही संस्था 2017 पासून काम करते. काँगोचे मोठे विषय तिने हाताळले आहेत.

आणि ते 25 हजार डॉलर. ते व्हाउचर बदलू नका, मागच्या तारखेचा कुठलाही कागद त्याला जोडू नका, त्यावरचा एकही ईमेल पुसू नका, कोणी कितीही काळजीने सुचवलं तरी. मूळ चूक माहितीअभावी झाली असं म्हणता येतं. कागद बदलल्यावर तसं म्हणता येत नाही. एका वहीत, हाताने, तारखांसकट लिहून काढा: व्हाउचर कोणी आणलं, तुम्हाला काय सांगितलं, तुम्ही काय विचारलं, काय विचारलं नाही. शेवटचा भाग गाळू नका. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, त्याचा वेगळा गुन्हा होऊ शकतो. कोणता कागद कुठे आहे एवढं टिपून ठेवा. मग स्वतःचा वकील गाठा, फौजदारी काम करणारा. कंपनीचा वकील कितीही ओळखीचा असला तरी तो कंपनीचा आहे. त्याच्या सल्ल्याने, वर सांगितलेल्या ईमेलमध्येच एक परिच्छेद घाला: मागच्या तिमाहीत या मध्यस्थाला 25 हजार डॉलर दिले, ते मी पास केले, त्यामागे कामाचा कागद माझ्याकडे नाही, त्याची चौकशी व्हावी.

हे लिहिणं अवघड जाईल. पण हीच गोष्ट सहा महिन्यांनी लेखापरीक्षकाने काढली तर तुम्ही आरोपींच्या यादीत असाल, आणि आज तुम्ही काढलीत तर पहिला साक्षीदार. वकिलाची वेळ याच आठवड्यात घ्या. फॉर्मवरची मुदत बघून ठरवू नका.